एल्फ्रीडे लोझे-वेश्टलरची चित्रं आधी दाखवा, फाईल नंतर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत दोन महायुद्धांच्या मधल्या जर्मन चित्रकारांवर पानभर लेख होता. लेख चांगला होता, ओटो डिक्स, जॉर्ज ग्रॉस, माक्स बेकमन सगळे आले त्यात, चित्रंही रंगीत छापली होती, मी कात्रण काढून ठेवलंय. पण शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक ओळ आहे, की याच काळात ड्रेस्डनची एक चित्रकर्ती वेडी झाली आणि पुढे नाझींनी तिला मारलं. बास. तिचं नाव नाही, एक चित्र नाही, ती काय काढायची ते नाही. मी ती ओळ चार वेळा वाचली आणि मला गप्प बसवेना म्हणून हे पत्र. जरा मोठं होणार आहे, पण शक्य असेल तर न कापता छापा.

तिचं नाव एल्फ्रीडे लोझे-वेश्टलर. जन्म ४ डिसेंबर १८९९, ड्रेस्डनच्या ल्योबटाउ भागात. मृत्यू ३१ जुलै १९४०, पिर्ना-झोननश्टाइन इथे, वय वर्षं ४०.

मी बत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, एलिमेंटरी इंटरमिजिएटला किती मुलं बसवली त्याचा हिशोब नाही, आणि खरं सांगायचं तर रिटायर होईपर्यंत मला हे नाव माहीत नव्हतं. माझी मुलगी आणि जावई ड्रेस्डनला चिप बनवणाऱ्या कंपनीत कामाला आहेत. तिच्या बाळंतपणाला मी तिकडे गेले, तीन महिने राहिले, आणि बाळ झोपलं की करायचं काय म्हणून मुलीने लायब्ररीतून चित्रांची जाड जाड पुस्तकं आणून दिली. जर्मन मला येत नाही, नुसती चित्रंच बघायची. त्यातल्या एका पुस्तकात एक पान उघडलं आणि मी तिथेच अडकले. एका बाईचं डोकं, फक्त डोकं आणि खांदे, खडूने काढलेलं. डोळे मिटलेले की अर्धे उघडे ते कळत नाही, तोंड जरासं उघडं, केस विस्कटलेले. रेषा इतकी भरभर मारलीय की हात थांबलाच नाहीये कुठे, आणि तरी हनुवटीखालची सावली अगदी बरोबर जागेवर. मुलांना मी कायम सांगायचे की घाईची रेषा आणि वेगाची रेषा यात फरक असतो, घाईची रेषा पुसावी लागते. ही वेगाची होती. मुलीला म्हटलं वाच काय लिहिलंय, तर ती म्हणाली आई हे मनोरुग्णालयात काढलंय आणि काढणारी पण तिथे पेशंटच होती.

ते १९२९ सालचं चित्र. पण तिथवर यायच्या आधीचं सांगते, नाहीतर मीही तुमच्या लेखासारखंच करायची.

वडील कंपनीत कारकुनी करणारे, मध्यमवर्गी घर, शिस्तीचं. मुलीने कपड्यांचं डिझाईन, शिवणकाम असलं काहीतरी उपयोगाचं शिकावं असं त्यांचं मत. १९१५ मध्ये ती ड्रेस्डनच्या कलाशाळेत गेली ती फॅशन आणि हस्तकामाच्या वर्गात, आणि तिथे पोचल्यावर तिने वर्ग बदलून ग्राफिक घेतलं. सोळाव्या वर्षी घर सोडलं. सोळाव्या! आणि ते महायुद्ध चालू असताना. केस कापले, पाईप ओढायची, आणि चित्रांवर सही करायला निकोलाउस वेश्टलर असं पुरुषाचं नाव घेतलं. का घेतलं ते समजायला जर्मन यावं लागत नाही.

ड्रेस्डनमध्ये तेव्हा तरुण चित्रकारांचा एक कंपूच होता. कोनराड फेलिक्समुलर, ओटो ग्रीबेल, आणि तुमच्या लेखातला ओटो डिक्स. ही त्यांच्यातच. फेलिक्समुलरच्या स्टुडिओत भाड्याने राहिली काही काळ. पोटासाठी बाटिकची कामं, पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं असं जे मिळेल ते करायची. म्हणजे डिक्सवर पानभर लिहिताना हिचं नाव यायलाच पाहिजे होतं, ही कुठे लांब नव्हती, त्याच टेबलाला बसलेली होती.

१९२१ मध्ये तिने कुर्ट लोझेशी लग्न केलं. तो चित्रकार आणि ऑपेरातला गायक. ओळख ग्रीबेलमुळे झाली. लग्न सुखाचं झालं नाही, पैसा टिकायचा नाही, तो तिला सोडून जायचा परत यायचा. १९२५ मध्ये ती त्याच्यामागे हॅम्बुर्गला गेली आणि वर्षभरात दोघं वेगळी झाली, त्याचं दुसऱ्या बाईशी जमलं, तिच्यापासून मुलंही झाली. या सगळ्यावर मला जास्त लिहायचं नाही. बायकांच्या चरित्रात नवऱ्याचीच पानं जास्त होतात.

हॅम्बुर्गमध्ये तिला सापडलं ते बंदर. आपल्याकडे मुंबईची गोदी ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना पटकन कळेल, की बंदराच्या गावात दोन गावं असतात, एक बाहेरून आलेल्यांना दाखवायचं आणि एक रात्री जागं राहणारं. ती दुसऱ्यात फिरायची. बंदराजवळच्या सांक्ट पाउली भागातले गुत्ते, गोदीतले कामगार, फुलं विकणाऱ्या म्हाताऱ्या, धंदा करणाऱ्या बायका. हे सगळे विषय त्या काळी जर्मनीत पुष्कळ जणांनी काढलेत, डिक्सनेही काढलेत आणि ग्रॉसनेही, आणि मोठी चित्रं आहेत ती, पण मला त्यात एक गोष्ट कायम खटकते. तिथे धंद्यावरची बाई म्हणजे समाजाच्या सडण्याची खूण असते. लोंबणारं मांस, रंगवलेलं तोंड, बघणाऱ्याला किळस यावी म्हणून काढलेली. हिच्या चित्रातली बाई समोर उभी राहून आपल्याकडे बघते. दमलेली असेल, दारू प्यायलेली असेल, पण ती कोणतरी आहे, तिला नाव आहे. १९३१ च्या एका जलरंगातल्या चित्राचं नावच 'लिसी' आहे.

आणि स्वतःलाही तिने सोडलं नाही. 'सिगारेटची सुट्टी' हे १९३१ चं, त्यात ती स्वतः आहे. 'अ‍ॅबसिंथ पिणारी' (ही एक कडक दारू) त्याच वर्षातलं, त्यातही तीच. स्वतःचं चित्र काढताना हात आपोआप दया करतो हा माझा बत्तीस वर्षांचा अनुभव आहे, वर्गातल्या मुलीसुद्धा आरशात बघून काढताना नाक थोडं सरळ करतात, डोळे थोडे मोठे करतात. ही करत नाही. गाल खोल गेलाय तर गेलाय. डोळ्याखाली हिरवा रंग दिलाय आणि तो बरोबर आहे. जलरंगात चूक लपवता येत नाही, तेलरंगासारखं वरून थापता येत नाही, एकदा पाणी सुकलं की झालं, आणि तरी इतकी ठाम. हे हात थरथरणाऱ्या माणसाचं काम नाही हे मी कुठेही लिहून द्यायला तयार आहे.

आता १९२९. पैसे नाहीत, राहायला धड जागा नाही, नवरा गेलेला, आणि एकटी. तिचं मन खचलं आणि तिला हॅम्बुर्गच्या फ्रिडरिक्सबर्ग मनोरुग्णालयात ठेवलं. दोन महिने होती. त्या दोन महिन्यांत तिने बरोबरच्या बायकांची सुमारे साठ चित्रं काढली, पेन्सिलीची आणि खडूची. मी जे पहिलं पान बघितलं ते त्यातलंच. 'फ्रिडरिक्सबर्गची डोकी' म्हणून ती ओळखली जातात.

ही साठ चित्रं म्हणजे काय आहे ते नीट सांगते कारण माझ्या मते तिचं सगळ्यात मोठं काम हेच. वेड्यांच्या इस्पितळाची चित्रं तिच्याआधी बहुतेक बाहेरच्यांनी काढली, डॉक्टरांनी काढून घेतली, फोटो काढले, आजार कसा दिसतो ते दाखवायला. हिला आजार दाखवायचाच नाही. पांघरूण ओढून पडलेली एक, भिंतीकडे तोंड करून बसलेली एक, दोघी एकमेकींना टेकून, एक नुसतीच हसतेय. एकीसारखी दुसरी नाही. प्रत्येकीचा जबडा वेगळा, मान धरायची पद्धत वेगळी. तुम्ही कधी कोणाच्या आजारपणात जनरल वॉर्डात रात्र काढली असेल तर तुम्हाला माहीत असेल, की पहिल्या रात्री सगळे पेशंट सारखे दिसतात आणि चौथ्या रात्री प्रत्येकाचा खोकला ओळखू येतो. ही चौथ्या रात्रीनंतरची चित्रं आहेत. शेजारच्या खाटेवरून काढलेली.

त्याच वर्षी हॅम्बुर्गच्या मारिया कुंडे यांच्या कलादालनात ती लावली गेली आणि समीक्षकांनी चांगलं लिहिलं. विकलं फारसं गेलं नाही. पण तिथून बाहेर पडल्यावरची दोन वर्षं तिच्या आयुष्यातली सगळ्यात भरभरून कामाची. मी वर सांगितलेली लिसी, सिगारेटचं, अ‍ॅबसिंथचं, सगळी त्यानंतरची. म्हणजे हे लक्षात घ्या, ती इस्पितळातून आली आणि जास्त चांगली चित्रं काढायला लागली. तुमच्या लेखातलं 'वेडी झाली' हे वाक्य या दोन वर्षांना कुठे बसवणार?

मग पैसा. जर्मनीत मंदी आली होती, लाखो लोकांचं काम गेलं होतं, चित्रं कोण घेणार. कधी कधी रात्र काढायला ती रेल्वे स्टेशनवर बसायची. १९३१ मध्ये ती ड्रेस्डनला आईवडिलांकडे परत आली. एकतीस वर्षांची बाई, सोळाव्या वर्षी जे घर सोडलं त्याच घरात. त्यांना ती झेपली नाही. १९३२ मध्ये वडिलांनी तिला आर्न्सडॉर्फच्या संस्थेत दाखल केलं, ड्रेस्डनपासून जवळच, वीसेक किलोमीटर. तिथे निदान लिहिलं गेलं, स्किझोफ्रेनिया.

वडिलांना मी दोष देऊ की नको हे मला अजून ठरवता आलेलं नाही. १९३२ मध्ये हिटलर अजून सत्तेवर नव्हता. त्यांना वाटलं असेल की तिथे जेवण मिळेल, उपचार होतील, शेजारीपाजारी विचारणार नाहीत. आमच्या घरात हे घडलेलं आहे म्हणून लिहिते. माझी मोठी आत्या, नवऱ्याने टाकलेली, दिवसदिवस बोलायची नाही, तिला आजोबांनी एका इस्पितळात नेऊन ठेवलं, तेव्हा मी सात वर्षांची. सुरवातीला वडील महिन्याला जायचे, मग दिवाळीला, मग बंद. ती तिथेच वारली. तिचं भरतकाम फार सुंदर होतं, उशीच्या अभ्र्यावर काढलेला एक मोर माझ्याकडे आहे अजून, एक डोळा काढायचा राहिलेला. पण घरातल्या ग्रुप फोटोत ती नाही आणि नातवंडांना तिचं नाव माहीत नाही. कोणी विचारलं की घरात म्हणायचे 'ती डोक्याने जरा', आणि विषय बदलायचे. त्यामुळे तुमच्या लेखातली ती एक ओळ मला ओळखीची वाटली, इतकंच.

आर्न्सडॉर्फमध्ये सुरवातीला ती चित्रं काढत होती. तिथल्या पेशंटची, कर्मचाऱ्यांची. १९३३ मध्ये नाझी आले आणि जुलैमध्ये त्यांनी कायदा केला, आनुवंशिक आजाराची संतती होऊ नये म्हणून, तो १ जानेवारी १९३४ पासून लागू झाला. स्किझोफ्रेनिया, फेफरं, आनुवंशिक अंधत्व, बहिरेपण, दारूचं व्यसन अशी यादी, आणि यादीतल्या माणसाची जबरदस्तीने नसबंदी. त्यासाठी खास न्यायालयं काढली, त्यात डॉक्टर बसायचे. सगळं कायद्याने, शिक्का मारून, अपील करायला मुदत देऊन. सुमारे चार लाख लोकांची नसबंदी केली त्यांनी.

१९३५ मध्ये कुर्ट लोझेने घटस्फोट घेतला. त्याच वर्षी तिला कायद्याने अक्षम ठरवलं, बरा न होणारा वेडेपणा असं कारण. म्हणजे आता तिच्या सहीला किंमत नाही. तरी तिची संमती मागितली गेली, नसबंदीला. तिने नाही सांगितलं. मग तिचं बाहेर फिरायला जाणं बंद केलं. डिसेंबर १९३५ मध्ये ड्रेस्डनच्या फ्रिडरिकश्टाट इस्पितळात तिच्यावर ती शस्त्रक्रिया जबरदस्तीने केली गेली.

त्यानंतर तिने चित्र काढलं नाही.

साडेचार वर्षं जगली ती त्यानंतर, आणि एक चित्र नाही. जिने इस्पितळात दोन महिन्यांत साठ डोकी काढली तिने. मी हे मुलीकडून दोनदा वाचून घेतलं, म्हटलं तू नीट वाचतेयस ना. मला स्वतःला हाच मृत्यू वाटतो तिचा, १९४० च्या आधी साडेचार वर्षं. तिला सरकारी कागदावर वेडी लिहिलं तेव्हा ती चित्रं काढत होती, आणि तिला 'बरं' करणाऱ्या कायद्याने तिचा हात थांबवला. हे एकदा समजून घेतलं की 'वेडी झाली आणि नाझींनी मारलं' हे वाक्य लिहिताच येत नाही, कारण क्रम उलटा आहे.

१९३७ मध्ये नाझींनी म्युझियममधली आधुनिक चित्रं 'विकृत कला' म्हणून काढून घेतली, म्युनिकला त्यातल्या काहींचं प्रदर्शन भरवून लोकांना हसायला बोलावलं. हिची कामंही त्या वर्षी सरकारी संग्रहांतून उचलली गेली आणि नष्ट झाली. डिक्सचीही उचलली, बेकमनचीही. फरक एवढाच की बेकमन हॉलंडला गेला, डिक्स दक्षिणेला खेड्यात जाऊन निसर्गचित्रं काढत बसला, आणि ही कुलुपात होती.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते जास्त माहितीचं आहे. १ सप्टेंबर १९३९ ही तारीख घालून हिटलरने एक पत्र सही केलं, बऱ्या न होणाऱ्या रुग्णांना 'कृपेचा मृत्यू' द्यायची परवानगी. काम बर्लिनच्या टिअरगार्टनश्ट्रासे ४ या पत्त्यावरून चाललं म्हणून त्याला टी-४ म्हणतात. सगळ्या इस्पितळांना फॉर्म पाठवले. आजार काय, किती वर्षं आहे, काम करू शकते का, कोणी भेटायला येतं का. ते फॉर्म तीन डॉक्टरांकडे जायचे, पेशंटला न बघता ते खूण करायचे, मरणाला लाल पेन्सिलीने अधिक आणि जगण्याला निळ्याने उणे. मग पेशंटना न्यायला राखाडी बस यायच्या. जानेवारी १९४० ते ऑगस्ट १९४१ या काळात सहा ठिकाणी ७०,२७३ माणसं विषारी वायूने मारली. हा आकडा त्यांचा स्वतःचा आहे, त्यांनीच मोजून लिहून ठेवलेला.

सहातलं एक ठिकाण पिर्ना-झोननश्टाइन. मी तिथे गेले होते. ड्रेस्डनहून लोकल ट्रेन एल्ब नदीच्या कडेकडेने जाते, अर्धा तासही लागत नाही. बाळाला मुलीने घरी ठेवलं आणि जावई माझ्याबरोबर आले. गाव इतकं देखणं आहे, दगडी चौक, लाल कौलं, वर टेकडीवर किल्ला. अठराव्या शतकात बेलोट्टो नावाच्या इटालियन चित्रकाराने या गावाची आणि किल्ल्याची मोठमोठी चित्रं काढलीत. त्याच किल्ल्यात १८११ मध्ये मनोरुग्णालय सुरू झालं होतं, आणि ते नावाजलेलं होतं, रुग्णांना साखळ्या न घालता बरं करता येतं असं मानणारं. लांबून लांबून डॉक्टर बघायला यायचे. शंभरेक वर्षांनी तिथला प्रमुख पाउल नित्शे, तोही सुधारणावादी म्हणून सुरवात केलेला, तो पुढे टी-४ चा वैद्यकीय प्रमुख झाला. युद्धानंतर ड्रेस्डनलाच त्याच्यावर खटला चालला आणि १९४८ मध्ये त्याला मृत्युदंड दिला गेला.

गावातून वर चढताना रस्त्यावर रंगीत फुल्या रंगवलेल्या आहेत, लहान लहान, नदीपासून टेकडीपर्यंत. जावई म्हणाले १४,७५१ आहेत, म्हणजे झोननश्टाइनला मारलेल्या प्रत्येक माणसामागे एक. १३,७२० रुग्ण आणि बाकीचे छळछावण्यांतून आणलेले. मी आधी पाय चुकवत चालत होते, मग ते जमेना, फुल्याच फुल्या. एकीवर एका शाळकरी पोराची सायकल उभी होती. वर गेल्यावर एका इमारतीच्या तळघरात ती विषारी वायूची खोली आहे. लहान आहे. आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या खोलीपेक्षा लहान. मी आत दोन मिनिटं पण नाही थांबले. मारलेल्यांची राख मागच्या उतारावरून खाली टाकायचे, तिथे आता झाडं आहेत.

३१ जुलै १९४० ला तिला आर्न्सडॉर्फहून तिथे नेलं आणि त्याच दिवशी मारलं. घरच्यांना कळवलं की न्यूमोनिया आणि हृदयाच्या स्नायूंचा अशक्तपणा. सगळ्यांनाच असं काहीतरी कळवायचे, त्यासाठी वेगळं ऑफिस होतं, कारणं ठरलेली असायची.

आणि तिची चित्रं? जी उरली ती घरच्यांनी सांभाळली म्हणून उरली, मुख्यतः तिच्या भावाने, ह्युबर्टने. युद्धात ड्रेस्डन जळलं, देशाचे दोन तुकडे झाले, पन्नास वर्षं कोणी विचारायला आलं नाही. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हॅम्बुर्गमधल्या काही लोकांनी शोध घ्यायला सुरवात केली, नव्वदच्या दशकात प्रदर्शनं झाली, तिच्यावर जाड पुस्तक निघालं, आता फ्रिडरिक्सबर्गच्या त्या जुन्या इस्पितळाच्या आवारात एका रस्त्याला तिचं नाव आहे. जर्मनीत आता ती अगदीच अनोळखी नाही. पण आपल्याकडे मी ज्या ज्या चित्रकलेच्या शिक्षकांना विचारलं, आणि मी फोन करून करून विचारलंय, त्यातल्या एकानेही नाव ऐकलेलं नव्हतं.

तिच्या मृत्यूमुळे ती आता ओळखली जाते हे मला कळतं, आणि बळींच्या आठवणीत तिचं नाव असायलाच हवं, त्यात वाद नाही. पण तिची ओळख त्या फॉर्मवरून होऊ नये. फॉर्मवर तिचं निदान होतं, वर्षं होती, काम करू शकते का या रकान्यात काहीतरी होतं. चित्रकार असा रकाना नव्हता. आपण पेपरात लिहिताना पण तेच रकाने भरत असू तर मग त्या तीन डॉक्टरांनी जेवढं बघितलं तेवढंच आपण बघतोय.

एक गोष्ट आणखी, ती आजारी नव्हतीच, नाझींनी खोटंच ठरवलं असंही मला म्हणायचं नाही. पुष्कळ लोक असं म्हणून तिची बाजू घ्यायला जातात. असेलही आजारी. १९२९ ला मन खचलं होतं हे खरंच आहे. पण आजारी असली तरी तिने काढलेली रेषा आजारी नव्हती, आणि आजारी असली तरी तिला मारायचा हक्क कोणाला नव्हता. तिच्या शेजारच्या खाटेवरच्या बायकांनाही, ज्यांना चित्र काढता येत नव्हतं, त्यांनाही नाही. तिने त्यांची डोकी काढली म्हणून निदान त्यांचे चेहरे आज आहेत. त्यातल्या किती जणी १९४० नंतर जिवंत होत्या कोण जाणे.

साहेब, माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या एखाद्या रविवारी पुरवणीत अर्धं पान द्या. फ्रिडरिक्सबर्गच्या साठातली दोन चित्रं, 'लिसी', आणि सिगारेट ओढतानाचं तिचं स्वतःचं चित्र, ही चार छापा, रंगीत छापा, कारण त्या डोळ्याखालच्या हिरव्या रंगाला काळ्यापांढऱ्यात काही अर्थ राहत नाही. खाली लिहा, एल्फ्रीडे लोझे-वेश्टलर, चित्रकार, आणि चित्राचं वर्ष. बाकीचं तिच्या आयुष्याचं हवं तर आतल्या पानावर घ्या. मजकूर लिहायला कोणी नसेल तर मी लिहून देते, मानधन नको. माझ्या शाळेत आता जी नवीन बाई चित्रकला शिकवते तिला मी सांगून ठेवलंय, ते पान ती वर्गाच्या भिंतीवर लावणार आहे, मुलींच्या डोळ्यांच्या उंचीला.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली